लायब्ररीचा पत्ता कोणी सांगायचा?

एका संगणकावर बिनतक्रार तयार होणारे सॉफ्टवेअर दुसऱ्या संगणकावर नेताच ‘हेडर फाईल सापडली नाही’ असा संदेश देऊन अडून बसते, हा प्रोग्रामरांचा नेहमीचा अनुभव आहे. अशा वेळी दोष बहुधा प्रोग्रामच्या तर्कात नसतो. त्यात गृहीत धरलेला लायब्ररीचा पत्ता चुकीचा ठरलेला असतो.

बहुतेक सॉफ्टवेअर इतरांनी लिहिलेल्या लायब्रऱ्यांच्या आधारे उभे असते. पीएनजी चित्रे वाचण्यासाठी ‘लिबपीएनजी’ ही त्यांपैकीच एक. कंपायलरला तिच्या हेडर फाईल लागतात, तर लिंकरला प्रत्यक्ष लायब्ररी. मात्र ती कोठे ठेवायची, याबाबत एकवाक्यता नाही. ६४ बिटच्या लिनक्समध्ये ‘फेडोरा’ ती ‘लिब६४’ या फोल्डरात ठेवते, तर ‘डेबियन’ प्रोसेसरच्या नावाच्या स्वतंत्र उपफोल्डरात. विंडोजमध्ये तर सर्वमान्य अशी जागाच नाही.

२०२० मध्ये ‘ॲपल’ने स्वतःचा प्रोसेसर असलेले मॅक आणले, तेव्हा हा प्रश्न ठळकपणे पुढे आला. लायब्रऱ्या बसवून देणारे ‘होमब्रू’ इंटेलच्या मॅकवर त्या ‘यूएसआर/लोकल’मध्ये ठेवत असे, नव्या मॅकसाठी ‘ऑप्ट/होमब्रू’ ही जागा ठरली. पहिल्या जागी कंपायलर आपणहून शोध घेतो, दुसऱ्या जागी घेत नाही. साहजिकच जुना पत्ता गृहीत धरणारे प्रकल्प अडले.

यावरील उपाय म्हणजे प्रकल्पाने लायब्ररीचे केवळ नाव सांगावे, पत्ता त्या-त्या संगणकाने पुरवावा. ‘किटवेअर’ या अमेरिकी कंपनीने २००० मध्ये वैद्यकीय प्रतिमांवरील ‘आयटीके’ प्रकल्पासाठी विकसित केलेली ‘सीमेक’ प्रणाली हेच करते. ‘फाइंड पॅकेज’ ही आज्ञा दिली, की ती नेहमीच्या जागा धुंडाळते. लायब्ररी अन्यत्र असल्यास वापरकर्ता ‘सीमेक प्रीफिक्स पाथ’द्वारे मूळ फोल्डर कळवतो. ‘पीकेजी-कॉन्फिग’ची रीत वेगळी आहे. तेथे लायब्ररीसोबत आलेली छोटी फाईलच तिचा पत्ता सांगते.

एक पथ्य मात्र पाळावे लागते. ‘सीमेक’ सापडलेला पत्ता नोंदवून ठेवते. लायब्ररीची जागा बदलल्यास ही जुनी नोंद पुसून शोध नव्याने घ्यावा लागतो.

मुक्त सॉफ्टवेअरचा स्रोत सर्वांसाठी खुला असतो. मात्र नवख्याला तो आपल्या संगणकावर बांधताच आला नाही, तर हा खुलेपणा कागदावरच राहतो.