आक्रमक कोणाला म्हणावे?

संध्याकाळची वेळ होती. पारावर चार माणसे बसली होती. एक तरुण मोठ्याने वर्तमानपत्र वाचत होता. तो एकेक मथळा वाचू लागला.

“पाण्यासाठी महिला आक्रमक.”

“कबड्डीत आपल्या संघाचा आक्रमक खेळ.”

“मोकाट कुत्री आक्रमक, तिघे जखमी.”

शेजारी एक आजोबा सुपारी कातरत होते. त्यांचा हात थांबला. ते म्हणाले, “अरे बाळा, थांब जरा. कुत्री आक्रमक, खेळाडू आक्रमक, अन् बायाही आक्रमक? त्या बायांनी काय कुणाला चावा घेतला?”

सगळे हसले. पण आजोबांचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. शब्द एक, पण त्याचे अर्थ अनेक. अर्थ न समजता शब्द वापरला, तर भल्या माणसाला बोल लागतो आणि दांडगा मोकळा सुटतो. म्हणून आज ह्या एका शब्दाचा विचार करू.

शब्दाचे मूळ

संस्कृतात ‘क्रम्’ म्हणजे पाऊल टाकणे. वामनाने तीन पावलांत तिन्ही लोक व्यापले, म्हणून त्याला त्रिविक्रम म्हणतात. दुसऱ्यावर चाल करून जाणे म्हणजे आक्रमण. हद्द ओलांडून पलीकडे जाणे म्हणजे अतिक्रमण. शूराने केलेले मोठे काम म्हणजे पराक्रम. तिन्ही शब्द एकाच मुळाचे. तिन्हींत पाऊल आहे. म्हणून कुणाला आक्रमक म्हणण्याआधी एवढेच बघावे, की त्याचे पाऊल कुठे पडले? स्वतःच्या हद्दीत, की दुसऱ्याच्या?

भीतीने अंगावर येणे

कोंबडी एरवी माणसाला बघून पळते. पण तिच्या पिलांना हात लावून बघा. पंख फुलवून ती अंगावर धावते. नुकती व्यालेली कुत्रीही तशीच. तिच्या मनात दुष्टावा नसतो, भीती असते. माणसाचेही कधी कधी असेच होते. कर्जाने गांजलेला माणूस साध्या बोलण्यावर खेकसतो. त्याच्यावर उलट खेकसून भागत नाही. त्याला काय बोचते आहे, ते शांतपणे विचारावे लागते.

खेळातली चढाई

कबड्डीत दोन्हीकडे सात सात गडी असतात. चढाई करणारा एकटाच मधली रेघ ओलांडतो आणि दुसऱ्यांच्या अंगणात शिरतो. मग हे अतिक्रमण का नाही? कारण खेळाचे नियम दोन्ही बाजूंना आधीच कबूल असतात. वर पंच असतो. ३० सेकंदांत परत फिरावे लागते. ‘कबड्डी कबड्डी’ म्हणताना दम तुटला, की गडी बाद. सामना संपला, की हात मिळवायचे आणि घरी जायचे. इथे आक्रमक म्हणजे धीट आणि चपळ.

डॉक्टरांचा शब्द

“रोग आक्रमक आहे,” असे डॉक्टर कधी कधी म्हणतात. ऐकणाऱ्याचे हातपाय गळतात. डॉक्टरांचे म्हणणे एवढेच असते, की रोग वेगाने पसरणारा आहे. रोगी हातचा गेला, असा त्याचा अर्थ नव्हे. उपचाराला उशीर करू नका, असा त्याचा अर्थ.

गुपचूप केलेले आक्रमण

आता दुसरी बाजू पाहू. काही माणसे कधी आवाज चढवत नाहीत. रामराम करतात, गोड बोलतात. पण नांगरताना दरवर्षी शेजाऱ्याचा बांध थोडा थोडा कोरतात. हिशेब करून बघा. बांध ३३० फूट लांब आहे. दरवर्षी तो फक्त ४ इंच सरकला. १० वर्षांत ४० इंच सरकला, म्हणजे ३ फूट ४ इंच. शेजाऱ्याची ११०० चौरस फूट जमीन गेली. १ गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. म्हणजे गुंठाभर जमीन गेली, आणि शिवीचा एक शब्दही झाला नाही! अशा माणसाला आपण आक्रमक म्हणतो का? नाही. आक्रमक कोण ठरतो? ज्याची जमीन गेली तो, कारण तो बांधावर उभा राहून ओरडतो.

त्यानेही कुऱ्हाड उचलू नये. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज द्यावा, फी भरावी आणि सरकारी मोजणी करून घ्यावी.

महाडचे पाणी

हक्कासाठी टाकलेले पाऊल पुष्कळांना आक्रमण वाटते. महाडचे चवदार तळे सगळ्या गावाचे होते. पण अस्पृश्य मानलेल्या लोकांना तिथे पाणी भरू देत नसत. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत, असा ठराव १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात झाला. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले केले. तरी ते सारे कागदावरच राहिले.

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन तळ्यावर गेले. त्यांनी ओंजळीने पाणी घेतले. कुणावर हात टाकला नाही. उलट, परतणाऱ्या लोकांवरच लाठ्या चालल्या. तरी बाबासाहेबांनी आपल्या माणसांना शांत ठेवले. पुढे कोर्टकज्जा चालला. १९३७ साली मुंबईच्या हायकोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला.

आता सांगा, आक्रमक कोण? पाणी पिणारे, की लाठी चालवणारे?

घरातली गोष्ट

शेवटची गोष्ट घरातली. बायकोवर हात उगारणाऱ्या माणसाला आपण काय म्हणतो? “जरा तापट आहे, पण मनाचा चांगला आहे.” आणि ग्रामसभेत उभी राहून नळाचे पाणी मागणाऱ्या बाईला? “फार आक्रमक आहे बुवा!” म्हणजे दुसऱ्याच्या अंगावर पडणारा हात तो तापट, आणि आपल्या हक्काचे मागणारे तोंड ते आक्रमक. हे उलटे झाले. ग्रामसभेत प्रश्न विचारणे हा गावातल्या प्रत्येक मतदाराचा हक्क आहे. घरात बाईला मारणे हा कुणाचाच हक्क नाही. त्याविरुद्ध २००५ साली कायदा झाला आहे. मार खाणाऱ्या बाईला १८१ ह्या क्रमांकावर फोन करून मदत मागता येते.

तेव्हा आवाजावरून माणूस जोखू नये. त्याचे पाऊल कुठे पडते, ते बघावे.

पारावर त्या तरुणाने पाण्याची बातमी पुढे वाचली. पंधरा दिवस नळ कोरडा होता. बायका रिकामे हंडे घेऊन पंचायतीसमोर बसल्या होत्या. दुसरे काही त्यांनी केले नव्हते.

आजोबा म्हणाले, “म्हणजे चावल्या नाहीत.”

“नाही, आजोबा.”

“मग मथळा नीट वाच. म्हण, पंधरा दिवस पाणी नाही.”