सिंदखेडचा वाडा आणि वाड्याबाहेरचे पाणी

इंग्लंडात डर्बीशायरमध्ये १५९७ च्या ऑक्टोबरात बेस ऑफ हार्डविक ही धनाढ्य विधवा आपल्या नव्या घरात राहायला गेली. रॉबर्ट स्मिथसनच्या आराखड्यावरून उभे राहिलेले ते हार्डविक हॉल म्हणजे नुसता काचेचा थाट. भिंत कमी, खिडक्या जास्त, आणि मनोऱ्यांच्या माथ्यावर मालकिणीच्या नावाची दगडी आद्याक्षरे. पुढच्या तीनच महिन्यांत, १२ जानेवारी १५९८ रोजी, वऱ्हाडाच्या दक्षिण कडेला सिंदखेडच्या जाधवांच्या वाड्यात जिजाबाईंचा जन्म झाला. दोन्ही घरांच्या मागे जमिनीचे उत्पन्न आणि दरबारचे वजन होते. पण हार्डविक लोकांनी पाहावे म्हणून बांधले होते. सिंदखेडचा वाडा रस्त्याला आधी भिंत दाखवतो.

जुन्या मुंबई–नागपूर रस्त्याने सिंदखेड राजा गावात शिरले की या वाड्याची दर्शनी बाजू डोळ्यांत भरते. भव्य दरवाजा आणि त्याच्या दोन्ही अंगांना जाड भिंती. घराचे घरपण आतल्या चौकात ठेवायचे आणि बाहेरच्याला दरवाजाच दिसेल असे पाहायचे, हा दख्खनी वाड्यांचा रिवाज. इथे आत गेल्यावर मात्र बांधकाम बरेचसे जोत्यापर्यंतच उरलेले दिसते. वरचे मजले केव्हाच गेले. तळघरे आहेत, आणि जिजाबाईंचा जन्म जिथे झाला तो म्हाळसा महाल आहे. जिजाबाईंचे वडील लखुजी जाधव, त्यांच्या पत्नी म्हाळसाबाईंच्या नावाचा.

इतके बंदिस्त घर का? लखुजींचे आयुष्य पाहिले की उत्तर मिळते. देवगिरीच्या यादवांशी नाते सांगणारे हे घराणे निजामशाहीत नावारूपाला आले. १६२१ च्या सुमारास लखुजी मोगलांकडे गेले, पुढे पुन्हा निजामशाहीत परतले, आणि २५ जुलै १६२९ रोजी दौलताबादच्या किल्ल्यात भर दरबारात त्यांची हत्या झाली. त्यांच्याबरोबर अचलोजी आणि राघोजी हे दोन मुलगे आणि नातू यशवंतराव हेही मारले गेले. आज ज्याची चाकरी तो उद्या गळा धरणार, असा तो काळ. ट्यूडर राजवटीत उमरावांच्या खासगी लढायांना आळा बसला होता, म्हणून बेसबाईंना काचेची चैन परवडली. लखुजींना ती परवडणारी नव्हती. गावातला काळाकोट पाहावा: सुमारे २० फूट रुंदीच्या भिंती, आणि काम अर्धवट राहिलेले.

इथल्या रंगमहालाची गोष्ट बहुतेकांना पाठ असते. रंगपंचमीला लहानगी जिजा आणि शहाजी एकमेकांवर रंग उडवताना पाहून लखुजी थट्टेत म्हणाले, जोडा छान शोभतो. शहाजींचे वडील मालोजी भोसले यांनी तो शब्द तिथल्या तिथे पकडला. ही कथा बखरींची, तेवढ्याच विश्वासाने ऐकावी.

मला या गावात वाड्यापेक्षा पाण्याची कामे जास्त बोलकी वाटतात. मोती तलावाची दर्शनी बाजू एखाद्या किल्ल्याच्या तटासारखी बांधलेली आहे. पाणी अडवणारी भिंतही तटाच्या रुबाबात उभी करायची, हे लढवय्या घराण्यालाच सुचावे. चांदणी तलावाच्या मधोमध तीन मजली इमारत आहे, म्हणजे पाण्याचा उपयोग शेतीपुरता नव्हता, हौसेलाही जागा होती. पुतळा बारव तिच्या शिल्पांसाठी प्रसिद्ध. कडेकडेने कोरलेली माणसांची मुंडकी आणि मूर्ती पाहत पायऱ्या उतराव्या लागतात. सजना बारवेतून गावाला पाणी पुरवले जाई. हार्डविकची श्रीमंती खिडक्यांत चमकते. सिंदखेडची श्रीमंती पाहायची तर वाड्याबाहेर पडून या तलाव-बारवांकडेच जावे लागते. उन्हाळ्यात पाण्यासाठी तळमळणाऱ्या या भागात वतनदाराचा मोठेपणा लोकांना याहून वेगळ्या कशाने पटला असता, असे वाटत नाही.

जाधवांचा दबदबा पुढेही राहिला, आणि पेचही राहिला. १७५७ च्या अखेरीस हैदराबादच्या निजामाच्या बाजूचे रामचंद्र जाधव सिंदखेडात अडकले आणि पेशव्यांच्या फौजांनी गावाला वेढा घातला. मराठी फौजेबरोबर पेशव्यांचे कोवळे पुत्र विश्वासराव होते, लढाईची धुरा दत्ताजी शिंद्यांकडे. जिजाबाईंच्या माहेरावर मराठ्यांच्याच तोफा रोखलेल्या, हे शाळेच्या पुस्तकात सहसा येत नाही. १८५१ मध्ये जाधवांच्या निशाणाखाली अरबांची एक तुकडी हैदराबादच्या फौजेशी निकराने लढली. त्याची शिक्षा म्हणून तेव्हाचे घराण्याचे प्रमुख बाजीराव यांचे वतन जप्त झाले, आणि १८५६ मध्ये औरंगाबादेत कैदेतच ते वारले. घराण्याच्या शाखा देऊळगाव राजा, किनगाव राजा, आडगाव राजा अशा गावांत पांगलेल्या. आजही १२ जानेवारीला पहाटे लखुजींचे वंशज राजवाड्यात पूजा करतात आणि दिवसभर राज्यभरातून आलेल्या माणसांनी गाव फुलून जाते. त्या एका दिवसाची गर्दी वर्षभर थोडी थोडी वाटून आली असती तर बारवांकडेही कुणी फिरकले असते.

लखुजींची समाधी वाड्याहून चांगल्या अवस्थेत आहे. बांधणी दख्खनी सुलतानी इमारतींच्या वळणाची, आत मात्र हिंदू सरदाराचे स्मारक. त्या काळात यात कुणाला विसंगती वाटली नाही. २०२४ मध्ये या छत्रीच्या डागडुजीचे काम चालू असताना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या लोकांना जमिनीत वेगळे दगड दिसले. खणल्यावर आधी एका शिवमंदिराचा पाया लागला, आणि जूनमध्ये आणखी खाली शेषशायी विष्णूची १.७० मीटर लांब, १ मीटर उंच मूर्ती निघाली: पाय चेपणारी लक्ष्मी आणि समुद्रमंथनाचा देखावा असलेली. ती घडवली आहे क्लोराइट शिस्ट या मऊ दगडात, जसा दक्षिणेत होयसळांचे शिल्पकार वापरत. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात नव्हे.