तंबूबाहेरचा सिनेमा

मी सिनेमा आधी ऐकला आणि मग पाहिला. लोकांना हे चमत्कारिक वाटतं, पण माझ्या वयाच्या कणकवलीकरांना नाही वाटायचं. १९६७-६८च्या सुमारास दिवाळी सरली, भात झोडून झालं की गावाबाहेरच्या मळ्यात सिनेमाचा तंबू लागायचा तो थेट मिरगापर्यंत. जमिनीवर बसायचं तिकीट पंचवीस पैसे. आमच्या घरात तेवढे पैसे महिन्यातून एकदा सुटले तर सुटत. बाकीच्या रात्री आम्ही चार-पाच पोरं कनातीच्या मागच्या बाजूला, जनरेटरपासून जरा लांब, काजीच्या झाडाखाली बसून सिनेमा ऐकायचो.

पडदा दिसत नसला की कान आपोआप शहाणे होतात. संवाद हिंदी, निम्मे कळायचे नाहीत. मग आम्ही वाजपावरून ओळखायचो. व्हायोलिनांचा घोळका एकदम वर चढला की कोणीतरी धावतंय. एकटी बासरी आली की सकाळ झाली, नाहीतर नायिका एकटी आहे. सगळंच थांबलं की हमखास काहीतरी भयंकर घडणार. पैजा लागायच्या. दुसऱ्या दिवशी तिकीट काढून गेलेल्या पोराला गाठून खरं-खोटं करायचं. मी बहुतेक वेळा जिंकायचो.

या माझ्या विद्येला पार्श्वसंगीताचा शौक म्हणतात हे मला पुढे बँकेत लागल्यावर, बदल्यांच्या गावी फिल्म सोसायटीची वर्गणी भरू लागल्यावर कळलं. तोवर मी फक्त 'सिनेमातलं मधलं वाजप' म्हणत असे. गाण्यांचे वेडे गल्लोगल्ली सापडतात. मधल्या वाजपाचा वेडा मात्र एकटाच असतो. कारण साधं आहे. अठ्ठ्याहत्तर गतीच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावत. त्यात गाणं बसायचं आणि विकलं जायचं. ज्या माणसाने दोन-अडीच तासांचा सिनेमा सुरांनी शिवून दिला, त्याचं ते शिवणकाम तबकडीवर क्वचितच आलं. ते उरलं फक्त सिनेमाच्या पट्टीवर, संवादांत आणि दारांच्या करकरीत मिसळलेलं. आणि पट्टीचं आयुष्य ते किती! जानेवारी २००३ मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली, आणि 'प्रभात'च्या अनेक चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह जळाल्या. बातमी वाचली तेव्हा मी ब्रँचमध्ये होतो. त्या दिवशी माझी कॅश तीनदा मोजूनही जुळली नव्हती.

खरं तर आम्हा तळकोकणातल्या माणसांना हे वाजप कोणी शिकवायला नको. दशावतारात आणखी काय असतं? कोपऱ्यात पेटी, पखवाज आणि झांज. संहिता लिहिलेली नाही, संवाद रंगमंचावर उभ्या-उभ्या सुचतील तसे. पण राजा यायचा तो कुठल्या ठेक्यावर, संकासुर यायचा तो कुठल्या आणि युद्ध कधी पेटायचं, हे पखवाजी ठरवतो. नटाच्या हातावर त्याची नजर असते. सिनेमाच्या स्टुडिओतही वर्षानुवर्षं हेच चालायचं. संकलन झालेलं रीळ समोर पडद्यावर चालवायचं आणि साठ-सत्तर वादकांनी संगीतकाराच्या हाताकडे बघत नेमक्या चौकटीवर सम गाठायची. सेकंदाला चौवीस चौकटी. पखवाज्याला चौकटी मोजाव्या लागत नाहीत, एवढाच काय तो फरक.

म्हणूनच की काय, हिंदी-मराठी पार्श्वसंगीतातलं एक मोठं नाव आमच्याच मातीतलं आहे. वसंत देसाई. जन्म १९१२, गाव कुडाळकडचं सोनवडे. प्रभात कंपनीत उमेदवारी केली, पडेल ते काम केलं, पडद्यावर लहानसहान भूमिकाही केल्या आणि मग शांतारामबापूंच्या 'राजकमल'चे संगीतकार झाले. 'शकुंतला', 'डॉ. कोटणीस की अमर कहानी', 'अमर भूपाळी', 'झनक झनक पायल बाजे', 'दो आँखें बारह हाथ'. 'गूँज उठी शहनाई'साठी त्यांनी खुद्द बिस्मिल्ला खाँसाहेबांची शहनाई पडद्यावर आणली. त्यांची गाणी सगळ्यांच्या ओठांवर असतात. मला विचाराल तर गाणं नसलेले त्यांचे सिनेमे ऐकावेत. १९७३ सालचा गुलजारांचा 'अचानक' घ्या. त्यात एकही गाणं नाही. १९७५च्या डिसेंबरात लिफ्टच्या अपघातात देसाई गेले, तेव्हा मी शाळेची शेवटची परीक्षा देत होतो. आपल्या शेजारच्या गावचा एवढा मोठा माणूस गेला हे मला कोणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी तंबूबाहेर मी ज्याला ऐकत होतो तो हाच, हे मला ठाऊक नव्हतं.

आमच्या दक्षिणेला गोवा. तिथल्या चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेले वादक मुंबईला गेले आणि स्टुडिओ त्यांनी भरून टाकले. संगीतकाराच्या डोक्यातली चाल कागदावर उतरवून पन्नास वादकांत वाटून देणं हे त्यांचं काम. सेबास्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस तर प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन या दोघांचे गुरू. प्यारेलालजींनी 'अमर अकबर अँथनी'तल्या एका गाण्यात गुरूचं नाव गुंफलं. अख्खा देश ते नाव गाऊ लागला, पण त्या नावाचा खराखुरा माणूस मजोर्ड्यात निवृत्त आयुष्य जगतो आहे हे फार थोड्यांना माहीत होतं. २०१२ साली ते गेले.

आणि संगीत न वाजवणं हीसुद्धा एक कला आहे. १९३७चा 'कुंकू' आठवा. केशवराव भोळे संगीतकार, दिग्दर्शक शांतारामबापू. गाणी आहेत, पण पार्श्वसंगीत जवळपास नाहीच. त्याच्या जागी घरातले आवाज. भिंतीवरचं घड्याळ ज्या तऱ्हेने टिकटिकतं, तसं कुठलं वाद्य वाजणार? कादंबरी लिहिताना विशेषणांचा मोह झाला की मी त्या घड्याळाची आठवण काढतो.

हे सगळं पुराण लावलं ते आईसाठी.

आई आता अठ्ठ्याऐंशीची आहे. काचबिंदूने तिची नजर हळूहळू ओढून नेली. तीन वर्षांपूर्वी उरलासुरला उजेडही गेला. नोकरी संपवून मी कणकवलीला परतलो तो तिच्यासाठीच. दिवस जातात, पण दुपार आणि संध्याकाळ यांच्या मधला वेळ जाता जात नाही. रेडिओवर तिचा जीव रमेना. मग एका दुपारी मी मुलाने दिलेल्या टॅबवर 'कुंकू' लावला, आणि पडद्यावर काय चाललंय ते तिला सांगू लागलो. पाच मिनिटं तिने ऐकून घेतलं.

"गप रव रे जरा," ती म्हणाली. "माका कळता."

आणि तिला खरंच कळत होतं. माणूस चिडलाय, माणूस लाजलाय, खोलीत कोणीतरी आलंय. जत्रेतल्या रात्रीच्या रात्री तिने दशावतार पाहिला होता, त्यात निम्म्या वेळा मांडीवर आमच्यापैकी कोणीतरी झोपलेलं आणि कंदिलाच्या उजेडात लांबून काही दिसत नसलेलं. तंबूबाहेर बसून मी जे शिकलो, ते ती माझ्याआधी शिकली होती. तेव्हापासून आमच्या दुपारी ठरून गेल्या. ती एकाच सिनेमाला नको म्हणायची. 'श्यामची आई'. वसंत देसाईंचं संगीत, आचार्य अत्र्यांचा १९५३चा सिनेमा, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालेला. मी दोनदा विचारलं. "तो नको," एवढंच. वात्सल्याचा अतिरेक तिला आवडत नसेल, असा मी माझ्यापुरता विद्वान निष्कर्ष काढला होता.

गेल्या श्रावणात मला 'पथेर पांचाली'ची सुरसुरी आली. वास्तविक तो बंगाली, आईला त्यातलं अक्षर कळणार नाही. पण माझा उत्साह! मी तिला सांगितलं, सत्यजित राय यांनी १९५५ साली केलेला हा पहिला सिनेमा, रविशंकरांनी याचं संगीत एका रात्रीत बसून पुरं केलं, आणि एका तुकड्याची सतार तर छायाचित्रकार सुब्रत मित्रांनीच वाजवली. तिने मान हलवली. सिनेमा सुरू झाला. पावसाचा आवाज आला तेव्हा बाहेरही पाऊस होता.

ज्यांनी पाहिलाय त्यांना पुढचं माहीत आहे. दुर्गा पावसात भिजते, तापाने जाते. बाप परगावी. तो परत येतो आणि पिशवीतून एकेक वस्तू काढून दाखवत शेवटी दुर्गासाठी आणलेली साडी आईच्या हातात देतो. ती आई फुटते. पण तिचं रडणं आपल्याला ऐकू येत नाही. राय यांनी तिथला आवाज काढून टाकला आणि त्या जागी तारशहनाई ठेवली. गजाने वाजवायचं तारांचं वाद्य, त्याला आवाज वाढवणारा कर्णा जोडलेला. ती वरच्या पट्टीत ओरडते. गेली पस्तीस वर्षं मी मित्रांना या जागेबद्दल सांगत आलो आहे.

आणि त्या क्षणाला, तो सूर यायच्या जरासा आधी, मला माझ्या ताईची आठवण झाली.

ताई माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. १९६६च्या आषाढात चार दिवसांच्या तापाने ती गेली. बाबा तेव्हा मुंबईला होते. ते आले तेव्हा सगळं उरकलं होतं. मी सात वर्षांचा होतो. आईचा रडण्याचा आवाज त्या दिवशी किंवा त्यानंतर मी कधीही ऐकला नाही. इतकी वर्षं मी त्या दृश्याची महती सांगत हिंडलो, आणि ते कुणाच्या शेजारी बसून लावतोय हे मला सुचलं नव्हतं. मी घाईघाईने टॅबकडे हात नेला. आईने तो मनगटाशी धरला.

सूर वाजला. पुरता वाजेपर्यंत तिने हात सोडला नाही.

"ह्यां खयचां वाद्य, ठावक आसा?" मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

"तां वाद्य न्हय रे," ती म्हणाली. "ती आवस रडता."

बऱ्याच वेळाने, चहा झाल्यावर, ती आपणहून सांगू लागली. ती जन्मात एकदाच तंबूत गेली होती. ताईला घेऊन, 'श्यामची आई' बघायला. मी तान्हा, घरी आजीजवळ. ताईने सगळा सिनेमा टक्क जागं राहून पाहिला आणि घरी येताना वाटभर प्रश्न विचारले. हे मला सहासष्टाव्या वर्षी कळत होतं.

मी संगीताचा जाणकार वगैरे नाही. तरी एक विनंती करतो. घरात म्हातारं माणूस असेल तर जुना सिनेमा लावून एखादी दुपार त्याच्याशेजारी डोळे मिटून बसा आणि मधलं वाजप ऐका. माहिती मात्र सांगू नका. मी ती चूक केली आहे.

दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपल्यावर आई नेहमीच्या जागी येऊन बसली. मी 'झनक झनक' काढून ठेवला होता.

"तो नको," ती म्हणाली. "श्यामच्या आवशीचो लाव."