भोसल्यांचा रुपया, दिल्लीचे नाव

१७५१ साली बंगालचा नवाब अलीवर्दीखान याच्याशी तह झाला आणि ओडिशा नागपूरकर भोसल्यांकडे आला. तरी कटकच्या टाकसाळीत त्यांनी पाडलेल्या चांदीच्या रुपयावर भोसल्यांचे नाव सापडत नाही. एका बाजूला फारसीत ‘सिक्का मुबारक बादशाह गाझी अहमद शाह बहादूर’, तर दुसऱ्या बाजूला जुलूसी सन, म्हणजे बादशहाच्या राज्यारोहणापासूनचे वर्ष, आणि टाकसाळीचे नाव. ठसा चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे कडेची अक्षरे तुटतात आणि बादशहाचे नावही अर्धेमुर्धेच हाती लागते. या मोगल बादशहा अहमद शाहची गादी १७५४ सालीच गेली, त्याचे डोळेही गेले. नाण्यावर मात्र तो टिकून राहिला.

याला लाचारी म्हणणारे शिवरायांकडे बोट दाखवतात. त्यांच्या नाण्यावर स्वच्छ देवनागरीत ‘श्री राजा शिव’ आणि मागे ‘छत्रपति’ आहे. आक्षेप वजनदार आहे, आणि त्या अक्षरांमागचा निर्धार मला आजही थोर वाटतो. पण त्यांचे हे नाणे, शिवराई, तांब्याचे, रोजच्या बाजारहाटाचे. सोन्याच्या होनावर राज्याभिषेकाची द्वाही होती. चांदीच्या रुपयाला सारा, फौजेचा पगार आणि दूरचा व्यापार सांभाळत प्रांतोप्रांत फिरावे लागे. तिथे शिक्का अनोळखी दिसला की सराफ बट्टा कापायचा. पुण्याच्या अंकुशी रुपयावरही मराठ्यांची खूण म्हणजे एक लहानसा अंकुश, बाकी घडण मोगलीच. खुद्द ईस्ट इंडिया कंपनीने बंगाल जिंकल्यावरही मोगल बादशहा शाह आलमच्याच नावाचे रुपये पाडले. जुन्या सनाच्या नाण्यावर सराफ बट्टा घेतात म्हणून तिने जुलूसी सन १९ गोठवूनच टाकला. कंपनीला कोणी लाचार म्हणत नाही. मग भोसल्यांनाच का म्हणावे? १८३५ साली सर्वत्र एकच रुपया चालवण्याइतकी पकड आल्यावरच कंपनीने नाण्यावर इंग्लंडचा राजा विल्यम चौथ्याचा चेहरा आणला.

सराफाची ही धास्ती नसली की नाण्यावरचा वाद वेगळाच होतो. घानाने स्वातंत्र्यानंतर, १९५८ साली, नाण्यावर आपले नेते एन्क्रुमा यांचा चेहरा घेतला. केनियाच्या २०१०च्या संविधानाने नाण्यांवर कोणाही व्यक्तीचे चित्र नको असे ठरवले. २०१८ साली तिथे जिराफ, गेंडा, सिंह, हत्ती आले. देशाची ओळख व्यक्तीत की भूमीत, हा तिथला प्रश्न होता. नागपूरच्या अजब बंगल्यासारख्या संग्रहालयात भोसल्यांचा रुपया मांडताना म्हणूनच चिठ्ठीवर नुसते ‘अहमद शाह’ लिहून भागणार नाही. नाणे कोणी पाडले आणि हे नाव कोणाला पटवण्यासाठी घातले, हेही तिथे लिहिलेले हवे.