धातू आणि समाज (लेखांक 7) : तंजावरची चांदी

गेल्या लेखांकात सोन्याच्या अलंकारांचा विचार झाला. चांदीचे सामाजिक स्थान समजून घेण्यासाठी तंजावरचे उदाहरण विशेष उपयुक्त ठरते, कारण चोळ, नायक आणि मराठे या तीन राजवटींचा वारसा व तमिळ आणि मराठी समाजांचे दीर्घ सान्निध्य तेथे एकत्र आढळते.

राजराज चोळाने बांधलेल्या आणि 1010 मध्ये पूर्णत्वास गेलेल्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतींवरील तमिळ शिलालेखांत देवाला अर्पण केलेल्या अलंकारांची मोजदाद आहे. सोन्याचे दागिने ‘आडवल्लान’ नावाच्या दगडी वजनाने तोलून, त्यांतील मोती व रत्ने यांच्या तपशिलासह नोंदवलेले आहेत. चांदी मात्र तेथे मुख्यतः पूजेच्या भांड्यांच्या रूपाने येते. देवाच्या अंगावर सोने आणि सेवेच्या उपकरणांत चांदी, अशी ही उतरंड त्या नोंदींतून दिसते.

तमिळ प्रदेशात चांदीच्या मोठ्या खाणी नसल्याने हा धातू प्रामुख्याने व्यापारातून येत असे. 1620 मध्ये रघुनाथ नायकाने तरंगंबाडी येथे डेन्मार्कच्या व्यापारी कंपनीला वखारीची परवानगी दिली. युरोपीय मालाला या देशात फारशी मागणी नसल्याने सुती कापड व मसाले यांच्या बदल्यात युरोपीय कंपन्यांना मौल्यवान धातू द्यावे लागत आणि त्यांतील पुष्कळशी चांदी मुळात अमेरिकेतील खाणींची असे. नाणी वितळवून दागिने घडवण्याची रीत प्रचलित असल्यामुळे दूरच्या खाणीतील धातू येथील स्त्रियांच्या पायांत पोहोचू शकला.

व्यंकोजी भोसले यांनी 1676 च्या सुमारास तंजावरात मराठी राज्य स्थापन केल्यावर तेथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांच्या आणि स्थानिक तमिळ समाजाच्या रिवाजांत चांदीपुरते मोठे साम्य होते. मराठी विवाहितेची जोडवी आणि तमिळ विवाहितेची ‘मेट्टी’ ही दोन्ही पायांच्या बोटांतील चांदीची सौभाग्यचिन्हे होत. पैंजणांना तमिळमध्ये ‘कोलुसु’ म्हणतात, तर मुलाच्या कमरेच्या करदोट्याला ‘अरैञाण’. सोने हे लक्ष्मीचे रूप मानले गेल्याने ते पायांत घालणे दोन्ही समाजांत सामान्यतः निषिद्ध होते. त्यामुळे कमरेखालचे शरीर हे चांदीचे क्षेत्र ठरले. चांदीच्या तुलनात्मक स्वस्ताईमुळे हा निषेध पाळणे सामान्य कुटुंबांनाही शक्य झाले, ही आर्थिक बाजूही विसरता येत नाही.

दुसरे सरफोजी (राज्यकाल 1798–1832) यांच्या काळाशी परंपरेने जोडले जाणारे ‘तंजावर ताट’ हे तेथील चांदीच्या कारागिरीचे दुसरे रूप होय. पितळेच्या ताटावर, साच्यावर ठोकून उठावदार केलेल्या तांब्याच्या व चांदीच्या पातळ पत्र्यांवरील देवतांच्या आकृती बसवल्या जातात. पत्र्यामागची पोकळी लाखेसारख्या मिश्रणाने भरली जात असल्याने उठाव दबत नाही. ताट घडवणे, उठावकाम करणे आणि पत्रे जडवणे ही कामे वेगवेगळे कारागीर करतात आणि त्यांतील उठावकाम हे सोनारी कसबाचेच अंग आहे. या ताटाला भौगोलिक मानांकन, म्हणजे विशिष्ट स्थळाशी निगडित उत्पादनाला मिळणारे कायदेशीर संरक्षण, लाभले आहे.

ताटाला भेटवस्तू म्हणून बाजार आणि नाव मिळाले. पायांतील चांदीला ते मिळाले नाही. ती रोजच्या वापराने झिजते, हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे काळी पडते आणि अखेरीस मोडीत जाऊन वितळते, म्हणून जुने नमुने विरळा मिळतात. देवाच्या सोन्याला शिलालेख लाभला, घरच्या चांदीचा इतिहास मात्र केवळ रिवाजात उरला. तो पुढे वाचता यावा, यासाठी वाचकांनी जुनी जोडवी किंवा वाळे मोडीत देण्यापूर्वी त्यांचे वजन, घडण आणि ती वापरणाऱ्या स्त्रीचे नाव लिहून ठेवावे.