कोपीतली जलसंजीवनी
दिवाळी सरली, की वाईच्या आसपास उसाच्या फडांकडेला मराठवाड्यातल्या तोडकऱ्यांच्या कोप्या उभ्या राहतात. पाणी मिळेल तिथले. जुलाब लागले, की तान्हे मूल बघता बघता सुकते. उपाय साधा : लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. (साखर तर यांच्याच कोयत्याची!)

१९७१ साली बनगावला, कॉलऱ्याच्या साथीत, डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचे पाणी निर्वासितांच्या नातेवाइकांहातीच सोपवले. मृत्यूंचे प्रमाण ३० टक्क्यांवरून ४ च्या खाली आले. मग कोपीत हे कालवून दाखवायला राष्ट्रीय सेवा योजनेतली कॉलेजची मुले का नकोत? मात्र जावे संध्याकाळी. दिवसा आई फडात असते. धाकट्याला सांभाळते आठ वर्षांची ताई. आधी तिलाच शिकवावे.