टेलिफोटो भिंग, सर्फर आणि सूर्यबिंब : सागरकिनाऱ्यावरील छायाचित्रणात अंतराचे स्थान

प्रस्तावना :
समुद्रात बुडणाऱ्या सूर्याचे भले मोठे लाल बिंब आणि त्याच्या मधोमध लाटेवर तोल सावरणारा सर्फर, असे छायाचित्र पाहिले की पाहणाऱ्याच्या मनात दोनपैकी एक विचार येतो. हे भिंगाचे सामर्थ्य असावे, किंवा ही संगणकावर केलेली जोडणी असावी. यातील पहिला समज बव्हंशी चुकीचा आहे, तर दुसरा काही वेळा खरा असतो. कोणते चित्र खरे आणि कोणते जुळविलेले, हे शालेय भूमितीच्या आधारे पुष्कळ अंशी ठरविता येते. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या हंटिंग्टन बीच या किनाऱ्याच्या संदर्भात त्या भूमितीचे विवेचन केले आहे.

पार्श्वभूमी :
कॅलिफोर्नियातील सर्फिंगच्या छायाचित्रणाचा आरंभ पाण्यातून झाला. व्यवसायाने दंतवैद्य असलेले जॉन ‘डॉक’ बॉल यांनी १९३० च्या दशकात कॅमेऱ्यासाठी जलरोधक पेटी तयार करून लाटांमध्ये शिरून छायाचित्रे घेतली. त्यांचा संग्रह १९४६ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाला. पुढे लेरॉय ग्रॅनिस (१९१७-२०११) यांच्यासारखे छायाचित्रकार पुढे आले. १९६० च्या दशकात सर्फिंगला वाहिलेली नियतकालिके निघू लागली आणि वाळूवर ट्रायपॉड रोवून लांब भिंगाने चित्रण करण्याची पद्धत रूढ झाली. पाण्यात उतरलेल्या छायाचित्रकाराला सर्फर जवळून मिळतो, परंतु सूर्य मात्र टिकलीएवढाच राहतो. याचे कारण पुढील विवेचनात आहे.

अंतर आणि यथादर्शन :
सूर्याचा कोनीय व्यास सुमारे अर्धा अंश आहे. म्हणजेच कोणतीही वस्तू तिच्या उंचीच्या सुमारे १०८ पट अंतरावर नेली की ती सूर्यबिंबाएवढी दिसते. लाटेवरील सर्फर गुडघे वाकवून उभा असतो. त्याची उंची दीड मीटर धरल्यास तो सुमारे १६० मीटरवर सूर्याएवढा दिसेल. ३२० मीटरवर तो बिंबाच्या निम्मा होईल. उलट ४० मीटरवर तो सूर्याच्या चौपट होईल आणि बिंब त्याच्या डोक्याहून थोडेसेच मोठे दिसेल.

या हिशेबात भिंगाचा उल्लेख कोठेही आलेला नाही, ही बाब लक्षात घेण्यासारखी आहे. सर्फर आणि सूर्य यांच्या आकारांचे परस्पर प्रमाण केवळ छायाचित्रकाराच्या उभे राहण्याच्या जागेवरून ठरते. टेलिफोटो भिंग त्या दृश्याचा लहानसा तुकडा चौकटभर पसरविते, इतकेच. ३६ × २४ मि.मी. आकाराच्या सेन्सरवर ५० मि.मी. नाभीय अंतराच्या भिंगाने सूर्याची प्रतिमा जेमतेम अर्धा मि.मी. पडते, ६०० मि.मी. भिंगाने ती साडेपाच मि.मी. होते. ‘लांब भिंग अंतर दाबते’ हे विधान त्यामुळे सैल आहे. महागडे भिंग विकत घेऊन लाटेच्या जवळ जाणारा हौशी छायाचित्रकार पैसे खर्च करून हवा तो परिणाम गमावतो.

जागेची निवड :
हंटिंग्टन बीचचा किनारा नैर्ऋत्येस तोंड करून आहे. हिवाळ्यात सूर्य पश्चिमेच्या दक्षिणेस, म्हणजे समुद्राकडे पाहणाऱ्याच्या किंचित उजवीकडे, पाण्यावर मावळतो. उन्हाळ्यात तो वायव्येकडे सरकून किनारपट्टीला जवळजवळ समांतर दिशेस जातो. तेथील प्रसिद्ध सर्फिंग स्पर्धा उन्हाळ्यात भरते. तिच्या चित्रांत समुद्रात बुडणारे बिंब अभावानेच आढळते, ते यामुळे.

तेथील ५६४ मीटर लांबीचा पादचारी पूल छायाचित्रकारांचा आवडता आहे, परंतु या विशिष्ट चित्रासाठी तो निरुपयोगी ठरतो. क्षितिज नेहमी पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर दिसते. कॅमेऱ्यापेक्षा खाली असलेली वस्तू क्षितिजाच्या खालीच राहते. पुलावरून पाहता सर्फरचे डोकेही क्षितिज ओलांडत नाही, मग तो बिंबासमोर यावा कसा? त्यासाठी पाण्याच्या काठाशी, ओल्या वाळूवर, शक्य तितके खाली बसावे लागते. सूर्य आणि सर्फर एका रेषेत आणण्यासाठी भिंग फिरवून भागत नाही, स्वतःलाच सरकावे लागते. १६० मीटरवरील सर्फरच्या संदर्भात तीन मीटर बाजूला सरकले की बिंब सुमारे दोन व्यासांनी सरकते. वेळही थोडा असतो : हिवाळ्यात तेथे बिंब क्षितिजाला टेकल्यापासून पूर्ण बुडेपर्यंत सुमारे तीन मिनिटे मिळतात.

गतीचा हिशेब याहून कठोर आहे. सर्फर सेकंदाला आठ मीटर वेगाने आडवा जात आहे असे धरल्यास ६०० मि.मी. भिंगात त्याची प्रतिमा सेन्सरवर सेकंदाला ३० मि.मी. सरकते. शटर १/१००० सेकंद असेल तर ही सरक ०.०३ मि.मी., म्हणजे नजरेस खपण्याच्या मर्यादेत राहते. १/२५० ला ती चौपट होऊन कडा पुसट होतात. प्रकाशाचे मापन बिंबावर न करता त्याच्या शेजारील आकाशावर केल्यास सर्फरची छायाकृती काळीभोर आणि आकाशाचा रंग शाबूत मिळतो.

चित्राची सत्यता :
सर्फर बिंबाच्या एक-चतुर्थांश असेल, तर तो कॅमेऱ्यापासून सुमारे ६४० मीटरवर असला पाहिजे. हे अंतर हंटिंग्टनच्या पुलाच्या लांबीपेक्षा अधिक आहे आणि लाटा त्याच्या कितीतरी अलीकडे फुटतात. किनाऱ्यालगत तिरकस दिशेने दूरवरून चित्र घेतलेले नसेल, तर अशा ठिकाणी शंका घ्यावी. दुसरी खूण वातावरणाची आहे. क्षितिजाजवळ प्रकाशाच्या अपवर्तनामुळे बिंबाची खालची कड वरच्या कडेपेक्षा अधिक उचलली जाते आणि त्याची उभी उंची साधारण एक-षष्ठांशाने घटते. क्षितिजाला टेकलेला सूर्य तंतोतंत वर्तुळाकार दिसत असेल, तर तो बहुधा दुसऱ्या चित्रातून आणून चिकटविलेला असतो.

दृष्टीचा धोका :
सूर्य वर असताना टेलिफोटो भिंग त्याच्याकडे रोखून प्रकाशीय व्ह्यूफाइंडरमधून पाहणे डोळ्यांस कायमची इजा करू शकते. ६०० मि.मी., एफ/४ भिंगाचे छिद्र १५० मि.मी. व्यासाचे असते, एवढ्या क्षेत्रावरील उष्णता ते एका ठिपक्यावर आणते. छायाचित्रणातील साधे करडे फिल्टर अवरक्त किरण पुरेसे अडवीत नाहीत, म्हणून त्यांच्यावर विसंबू नये. आरशाविना कॅमेऱ्यात डोळा वाचतो, पण शटर आणि सेन्सर जळण्याची शक्यता उरते.

कोकण आणि गोव्याच्या संदर्भात :
आपल्या पश्चिम किनाऱ्यावर सूर्य समुद्रातच मावळतो, मात्र ऋतुचक्र प्रतिकूल आहे. मोठ्या लाटा जून ते सप्टेंबरमध्ये येतात तेव्हा आकाश ढगांनी झाकलेले असते आणि हिवाळ्यात बिंब स्वच्छ दिसते तेव्हा समुद्र शांत असतो. अशा वेळी सर्फरऐवजी मासेमारी होडी हा अधिक साधणारा विषय होय. दहा मीटर लांबीची आडवी होडी बिंबाच्या रुंदीत नेमकी बसण्यासाठी ती सुमारे एक किलोमीटर दूर असावी लागते, आणि तिची डोलकाठी क्षितिजाच्या वर येण्यासाठी इथेही वाळूवर बसावेच लागते.